आय थ्री, बारावी पास

लॅपटॉपच्या प्रत्येक दुकानात एक ड्रॉवर असतो. कुठल्या मशीनचे ते कुणालाच आठवत नाही असे चार्जर त्यात साठत जातात. फेकवतही नाहीत आणि विकलेही जात नाहीत. आमच्या दुकानातल्या किश्श्यांचं अगदी तसंच झालंय. रोज एखादा आत पडतो, आणि मग एक दिवस ड्रॉवर लागतच नाही! आज उघडलाच आहे, तर सगळा तुमच्यापुढे ओततेच. चहा सांगितलाय, बसा.

आधी माणसं सांगते. माझं दुकान कर्जतला, कशेळ्याच्या जीप सुटतात तिथंच रस्त्याला लागून. जागा सासऱ्यांची. सासरे म्हणजे अण्णा, कडावचे भातशेतीवाले. बोलणं इतकं कमी की जेवताना मीठ हवं असेल तरी नुसतं बरणीकडे बघतात. मी माहेरची खालापूरची. लग्नाआधी पनवेलच्या एका दुकानात लॅपटॉप विकायचे. तिथं मालकाचा एकच मंत्र होता, गिऱ्हाईक जेवढं मागेल त्याच्या वरचं दाखवायचं. माझं त्यावरून रोज वाजायचं. शेवटी लग्नानंतर घरात जाहीर केलं, मी माझं दुकान काढणार!

अण्णांनी गाळा दिला. सोबत आयुष्यातलं सर्वांत लांब भाषणही दिलं.

"दिवाळीच्या पाडव्यापर्यंत चालव. चाललं तर चाललं. नाय चाललं, तर दिनेशशेठला सातबारा दाखवतो."

दिनेशशेठ म्हणजे प्लॉटवाले. आमच्याकडे आंब्याच्या झाडांपेक्षा प्लॉटवाले जास्त, पण यांची गाडी सगळ्यांत पांढरी. रस्त्याला लागून असलेला आमचा तुकडा त्यांच्या डोळ्यांत भरलेला. दर आठवड्याला दारात गाडी उभी करून, काच खाली करून विचारणार, "काय अण्णा, सातबारा कधी दाखवताय?"

अण्णा पेपरचं पान उलटायचे. मी मात्र दिवाळीला किती दिवस उरले ते मोजायचे. एवढ्याशा गाळ्यात माझा जीव अडकला होता, खोटं कशाला बोलू!

राहिल्या सासूबाई. घरात सगळे त्यांना आय म्हणतात, मीही म्हणते. "पोरगी येकटी बसंल का?" म्हणून त्या पहिल्या दिवशी सोबतीला आल्या, त्या आल्याच. पंख्याखालची खुर्ची त्यांची. लॅपटॉपमधलं त्यांना काही कळत नव्हतं, पण माणसातलं सगळं कळत होतं. त्यामुळे अर्ध्या गिऱ्हाइकांशी सौदा त्याच करायच्या.

*

पहिला किस्सा हिरामणचा. कशेळ्याच्या वर डोंगरात त्याची वाडी. त्याची मुलगी मनीषा कॉलेजला. तिला घेऊन आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "ताई, आय फाइव्ह द्या. हिच्या मैतरनींनी सांगितलंय."

मी माझा ठरलेला प्रश्न विचारला, "घरी त्याच्यावर काय काय करणार?"

मनीषा म्हणाली, नोट्स लिहायच्या, लेक्चर बघायचे, प्रोजेक्ट करायचा, फॉर्म भरायचे. बास. मी म्हटलं, "मग एवढा मोठा प्रोसेसर, आय फाइव्ह, कशाला? नव्यातली आय थ्री घे. रॅम बरी असली आणि आत एसएसडी असली की पळते. कॉलेज संपेपर्यंत बघायला नको!"

हिरामण गंभीर झाला. म्हणाला, "ताई, हिची एक आय घरी हाय. ती सकाळपासून जे तोंड सुरू करते ते झोपेपर्यंत. आनि तुमी म्हनता आजून तीन न्या?"

जीपची वाट बघत दुकानाच्या पायरीवर बसलेली माणसं खो खो हसली. मनीषाने ओढणीत तोंड लपवलं. तेवढ्यात पंख्याखालून आवाज आला.

"ने रं बिनघोर! त्या बोलनाऱ्या नायत, काम करनाऱ्या हायत!"

गेला घेऊन. जीपमध्ये मांडीवर खोका धरून बसला होता, लग्नातल्या रुखवतासारखा.

*

कडावच्या कल्पनाताई आल्या. त्यांचं काम त्याहून साधं. पुण्याला दिलेल्या लेकीशी मोठ्या स्क्रीनवर बोलायचं आणि केकचे व्हिडिओ बघून केक करायचे. मी अगदी छोट्यातलं मशीन दाखवलं. म्हटलं, "ताई, तुम्हाला हे पुरेल. चार कोरचा प्रोसेसर आहे."

"म्हंजे चतकोर?" त्यांचा चेहरा पडला.

"नाही हो, चार कोर."

"तेच ते गं. चतकोर घेऊन काय करू? लेकीशी बोलायला बसले आनि मधीच संपलं तर? मला अख्खा दे."

मी कोर म्हणजे काय ते समजवायला लागले. प्रोसेसरच्या आत काम करणारे हात असतात, चार हात म्हणजे चार कामं एका वेळी, वगैरे वगैरे. कल्पनाताई माझ्याकडे दया आल्यासारख्या बघत होत्या. आयने विड्याचं पान तोंडात सरकवलं आणि म्हणाल्या, "कल्पना, चतकोर किती हायत म्हनली ती?"

"चार."

"चार चतकोर म्हंजे किती झाली गं?"

कल्पनाताईंनी हवेत भाकरी मोडली, पुन्हा जुळवली, आणि ओरडल्या, "अगो बाय, अख्खी झाली की!"

त्या दिवसापासून मी कोर समजावणं सोडून दिलं. पुढच्याच आठवड्यात ताईंनी केक पाठवला, तोही अख्खा.

*

आता हा किस्सा नीट ऐका, कारण यातून आमच्या दुकानाची भाषाच बदलली.

सदूकाका खालापूरचे, माझ्या माहेरच्या आळीतले. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. नातवाला व्हिडिओ कॉलवर बघायचं आणि भजनं ऐकायची, म्हणून लॅपटॉप हवा. मी मोठ्या उत्साहाने सांगितलं, "काका, आय थ्रीच देते, पण ताजी. तेरावं जनरेशन आहे!"

काकांनी हात मागे घेतला, जसा काही चटका बसला.

"तेरावं? नको गं पोरी. चांगल्या घरात तेराव्याची वस्तू कुनी नेतं का?"

"बरं, मग हे बघा. हे बारावं."

"ते बी तसलंच!"

"अकरावं आहे एक जुनं..."

"पोरी, तू दहाव्यापास्नं सगळी मांडून बसलीस का? दुकान हाय का नदीचा घाट?"

मी कपाळावर हात मारला. दहावं, अकरावं, बारावं, तेरावं! खरंच की, कंपनीने नेमके सुतकाचे दिवस उचलले होते. आता गोऱ्या साहेबाला काय ठाऊक, की आमच्याकडे या आकड्यांना पिंड ठेवतात!

काका पायरी उतरायला लागले, तशी आय उठल्या. "ओ भाऊजी, थांबा. पोरगी चुकीचं बोलली. बारावं नाय ते, बारावी. ह्यो हाय बारावी पास! आनि तुमाला दाखवला तो बारावी पास होऊन कालेजात गेलाय."

काका थबकले. "कालेजात? पैल्या वर्षाला?"

"पैल्या वर्षाला."

"असं सांगावं ना मंग!" आणि कॉलेजातला घेऊन गेले. नातवाला कॉलवर पहिलं वाक्य काय बोलले माहीत आहे? "माझा लॅपटॉप तुज्या बापापेक्षा जास्त शिकलाय!"

तेव्हापासून आमच्याकडे जनरेशन हा शब्द जवळजवळ बंद. या रस्त्यावर आता कुणीही येतं आणि सरळ विचारतं, "बारावी पास हाय का?" कुणाला चुकीचं वाटत नाही. सोयरीक जुळवताना विचारावं तसं विचारतात, आणि मलाही उत्तर द्यायला बरं पडतं.

*

एकदा दिनेशशेठ गाडीतून चक्क खाली उतरले. हातात लॅपटॉप. काउंटरवर ठेवला आणि पायरीवरच्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वहिनी, आय सेव्हन आहे! असलं काही ठेवता का तुम्ही? मी प्लॉटचे ड्रोन व्हिडिओ स्वतः एडिट करतो. फक्त जरा अडकतोय, बघा."

मी उघडून बघितलं. सेव्हन होता, खोटं नाही. पण कुणीतरी वापरून सोडून दिलेला, तिसऱ्या जनरेशनचा. ड्रोनचा व्हिडिओ त्याच्यावर चालवणं म्हणजे म्हाताऱ्या बैलाला शर्यतीत उतरवणं. मी शक्य तितक्या हळू आवाजात म्हटलं, "शेठ, आकडा मोठा आहे, पण मशीन फार जुनं आहे. तिसरं जनरेशन."

हळू बोलून काय उपयोग? आयचे कान तिखट.

"म्हंजे तिसरी पास? आनि सातवीच्या बाकावर येऊन बसलाय व्हय!"

पायरीवरचे सगळे हसले. रस्त्यापलीकडचा वडेवालाही झारा हातात धरून हसला. दिनेशशेठ कानापर्यंत लाल झाले, लॅपटॉप बगलेत मारला आणि गाडीत जाऊन बसले. मला तेव्हाच कळायला हवं होतं, की हे हसू महागात पडणार.

दुसऱ्या दिवसापासून बातमी फिरली, "त्या बाईला आय थ्रीच्या पुढं काय येतच नाय. पनवेलला जा." आमच्याकडे बातमी पसरायला फेसबुक लागत नाही. कशेळ्याची जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरेपर्यंत माणसं दुसरं करणार काय? जीपमध्ये पेरलेली गोष्ट शेवटच्या वाडीपर्यंत पोचते.

मीही हट्टाला पेटले. नवाकोरा, बारावी पास आय सेव्हन मागवला आणि मधल्या काचेत ठेवला. घ्या म्हणावं, येतं का नाही थ्रीच्या पुढं! आता गंमत बघा. तो बघून लोक विचारायचे, "हा घेऊ का?" आणि मी विचारायचे, "घरी काय करणार?" ते सांगायचे, लाइटबिल आणि सिनेमे. मग माझ्याच तोंडून निघायचं, "मग हा नको तुम्हाला!"

आय कपाळ बडवून घ्यायच्या. रोज पदराने ती काच पुसायच्या आणि म्हणायच्या, "पोरगा चांगला हाय, शिकलेला हाय, पन ही बया लगीनच जुळू देत नाय त्याचं!"

*

कळंबचे नंदूभाऊ दिनेशशेठच्या सल्ल्याने पनवेलला गेले. छोटं रिसॉर्ट त्यांचं, शनिवार-रविवारपुरतं. घरी बसून बुकिंगचे मेल बघायचे, एवढंच काम. आणून ठेवला गेमवाला लॅपटॉप! उघडला की खालून लाल-हिरवे दिवे लागायचे आणि पंखा असा सुरू व्हायचा, की शेजारी विचारायचे, दळण किती वाजता द्यायचं.

श्रावणात त्यांच्या बायकोला, वंदनावहिनींना, मी बाजारात गाठलं. मनात जळफळाट होता, लपवत नाही. मुद्दाम विचारलं, "काय वहिनी, कसा चाललाय मोठा प्रोसेसर?"

"फार उपेगाचा हाय गं!" वहिनी मनापासून म्हणाल्या. "आमच्याकडं पावसात काय वाळत नाय. पोरांचे मोजे त्याच्या बाजूला ठेवले का सकाळपर्यंत कडक!"

"आणि मेल?"

"मेल ते मोबाइलवर बघतात. लॅपटॉपवर मोजे असतात ना!"

*

मी खूप हसले, पण घरी आल्यावर हसू टिकलं नाही. गणपती येऊन गेले आणि दुकानात शुकशुकाट. पायरीवर माणसं बसायची, पण आत कुणी यायचं नाही. दिनेशशेठची गाडी आता आठवड्यातून दोनदा थांबायची. एका दुपारी मी काउंटरमागे खाली बसून रडले. आयने पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "रडून घे गं. पन शटर उघडं ठेव. रडताना बी गिऱ्हाईक येतं."

आणि आलं की हो!

दसऱ्याचा आदला दिवस. गणपत ड्रायव्हरची जीप कधी नव्हे ती झटकन भरली होती. पुढच्या सीटवर हिरामण. मागून कुणीतरी त्याला विचारलं, "हिरामण, तुजी पोरगी कंच्या मशीनवर शिकते रं?"

हिरामणने आमच्या दुकानाकडे बोट केलं.

"त्या बाईला म्हनं थ्रीच्या पुढं येत नाय?"

"येत नाय?" हिरामण जीपमधूनच गरजला. सगळा बाजार ऐकत होता. "अरं, मी तोंडानं फाइव्ह मागितली, तिनं दिली नाय! लागंल तेवडीच न्या म्हनली. पोरीनं त्याच्यावर प्रोजेक्ट केला, कालेजात पैली आली. मोठी वस्तू कुनी बी इकंल. बारकी पुरंल असं सांगनारा दुकानदार दाव मला!"

जीपमधून एक बाई उतरली. नुसतं बघते म्हणाली. तिच्यामागे तिचा भाऊ उतरला. मग पिशवीवाले काका. मग त्यांची पिशवी धरायला आणखी एक जण. बघता बघता जीप रिकामी, आणि माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही! आय खुर्चीवर उभ्या राहून ओरडत होत्या, "येकेक जन बोला! घरी काय करनार ते आधी सांगा!"

गणपत बाहेर कंठशोष करत होता, "कशेळे, कशेळे, कशेळे!" कुणी हलेना. शेवटी तणतणत आत आला. "ताई, धंदा कराचा का नाय आमी? भरलेली गाडी खाली केलीस तू!"

मी माफी मागायला तोंड उघडलं. पण गणपतची नजर काउंटरवर फिरत होती. जरा वेळाने त्याचा आवाज खाली आला.

"बाकी... घरच्यासाठी कंचा बरा म्हनतेस?"

त्या दिवशी जीप दोन तास उशिरा सुटली, आणि तिच्यात माणसांपेक्षा खोके जास्त होते. मी आयला मिठी मारली. भर बाजारात, सगळ्यांदेखत! दसरा ते दिवाळी मला जेवायला फुरसत नव्हती. अण्णा रोज संध्याकाळी येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर पेपर वाचत बसायचे. कुणाला काही विचारायचे नाहीत, कधी मान वर करायचे नाहीत. मी आपली समजत होते की पेपरच वाचतात.

*

आता शेवटचा, पाडव्याचा.

दारात रांगोळी, शटरला झेंडूचं तोरण. पायरीवर जीपची माणसं. अण्णा स्टुलावर, पेपरमागे. त्यांनी निकाल दिला नव्हता, आणि विचारायची माझी छाती नव्हती. दुकान तर चाललं होतं, पण अण्णांच्या हिशेबाने चाललं होतं का?

पांढरी गाडी आली. दिनेशशेठ उतरले. कपाळाला गंध, पण चेहरा काही सणाचा नव्हता. बगलेत तोच लॅपटॉप. मुंबईची पार्टी पाडव्याच्या मुहूर्ताला प्लॉट बुक करायला आली होती, आणि ड्रोनचा व्हिडिओ अर्ध्यात अडकला तो अडकलाच. पार्टी तिकडे साइटवर ताटकळत उभी. हे मला गणपतने आधीच सांगितलं होतं. जीप, दुसरं काय!

पण शेठ ते कसं बोलणार? लॅपटॉप पाठीमागे धरून अण्णांसमोर उभे राहिले. पायरीवरच्या माना आत वळल्या.

"अण्णा, पाडवा आला. दिलेला शब्द आठवतोय ना? सातबारा दाखवा."

अण्णांनी पेपरची घडी केली. "दाखवतो."

आयने माझा दंड घट्ट धरला.

"सूनबाई," अण्णा म्हणाले, "शेठला सातबारा दाखव."

"अण्णा, तो... तो तर घरी कपाटात..."

अण्णांनी चष्मा काढला आणि चष्म्याच्या दांडीने मधल्या काचेकडे बोट केलं.

"तो काय. आय सात, बारावी पास."

पायरीवरून पहिली शिट्टी गणपतची आली. मी काच सरकवली, मशीन बाहेर काढलं, सुरू करून शेठच्या पुढ्यात ठेवलं. शेठनी खिशातून पेनड्राइव्ह काढला, आणि ड्रोन भिरभिरत भिवपुरीच्या डोंगरावरून जो निघाला तो कुठेही न अडकता थेट प्लॉटच्या कुंपणावर उतरला.

"शेठ," मी म्हटलं, "एवढा मोठा प्रोसेसर लागणारं गिऱ्हाईक मला वर्षभरात एकच भेटलं. तुम्ही!"

"जुळलं गं बाय पोराचं!" आयने काचेच्या रिकाम्या जागेवरून पदर फिरवला.

शेठनी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. हसावं की चिडावं ते त्यांचं ठरत नव्हतं. शेवटी पैसे मोजले, खोका उचलला, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "हा झाला तुमचा सातबारा. पण अण्णा, तो दुसरा? जमिनीचा?"

अण्णांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि पेपर उघडला.

"तो तलाठ्याकडं गेलाय. सुनेचं नाव चढवायला."